खारपाणातलं दूध

डबी पुन्हा लाल झाली आणि घरातल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सासूबाईंनी थेट पाहिलं, हर्षलने मोबाइलच्या आडून पाहिलं, आणि आपण पाहत नाही हे दाखवण्यासाठी सासऱ्यांनी पंख्याकडे पाहिलं. रेवा तेवढी माझ्या खांद्यावर डोकं टेकून माझ्या केसांची बट चोखत होती. साडेतीन महिन्यांच्या बाईला लाल-हिरव्यातलं काही कळत नाही. तिला भूक कळते.

"आई, खचून जाऊ नका," डबी मंजुळ आवाजात म्हणाली. "तुमच्या दुधाचा तोल आज कमी आहे. बाळासाठी आजच 'स्तन्यपूर्ण' सुरू करा."

"पाय, मशीनबी कशी मायेनं बोलते," सासूबाई म्हणाल्या. "अन् तू पाय, कसं तोंड करून बसली."

डबीचं खरं नाव 'स्तन्यमित्र'. तिच्या पावडरीचं 'स्तन्यपूर्ण'. नावं ठेवणाऱ्याला त्या दिवशी संस्कृतचा ताप भरला असावा. आमचं गाव दर्यापूरच्या पुढे, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. इथे असली नावं कुणाच्या जिभेवर टिकत नाहीत, सगळ्याजणी डबीच म्हणतात. आहेही साबणाच्या डबीएवढीच. वर झाकण, आत अंगठ्याएवढा पारदर्शक कप, बाजूला दिवा. पूर्वी बाळंतिणीला दवाखान्यातून झबलं-टोपडं मिळायचं, आता डबी मिळते. कपात आईच्या दुधाचे थेंब घालायचे, झाकण लावायचं, की दिवा लागतो आणि त्याच क्षणी निकाल घरातल्या सगळ्यांच्या फोनवर जातो. कंपनीचं म्हणणं, बाळ एकट्या आईचं नसतं. दूध मात्र एकटीचंच असतं, विशेषतः ते लाल असलं की.

लग्नाआधी मी अमरावतीला रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं, रेवाच्या आधी दर्यापूरला अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवत होते. त्यामुळे डबीच्या पोटात काय चालतं हे मला या घरात सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. ज्या बाईचं दूध लाल, तिचं रसायनशास्त्र कोण ऐकतं?

दूध म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या चरबीच्या अतिसूक्ष्म गोळ्या. प्रत्येक गोळीच्या अंगावर थोडा ऋण प्रभार असतो. पाण्यातले धन आयन त्या प्रभाराकडे ओढले जातात, पण चिकटून बसत नाहीत, कारण पाण्याच्या रेणूंची धावपळ त्यांना स्वस्थ बसू देत नाही. म्हणून गोळीभोवती आयनांचं एक विरळ धुकं तयार होतं. दोन गोळ्या जवळ येऊ लागल्या की आधी धुक्याला धुकं लागतं आणि त्या एकमेकींना दूर सारतात. धुकं रुंद असलं तर गोळ्या सुट्या राहतात, दूध एकजीव दिसतं. डबी कपातल्या थेंबात स्वतःजवळचं अगदी शुद्ध पातळ द्रावण मिसळते, त्याला विजेचा हलकासा दाब देते, गोळ्या किती वेगाने सरकतात ते लेझरने पाहते आणि त्यावरून प्रभाराचा जोर ठरवते. जोर चांगला तर दिवा हिरवा, बेताचा तर पिवळा, कमी तर लाल.

इथवर सगळं खरं आहे. पुढची गंमत अशी, की काही वर्षांपूर्वी एका अभ्यासात ज्या आयांच्या दुधातल्या गोळ्या जास्त सुट्या राहत होत्या, त्यांच्या बाळांचं वजन जरासं बरं भरलं. अभ्यास करणाऱ्यांनी भीतभीत 'संबंध असावासा वाटतो' असं लिहिलं. कंपनीने त्यातलं 'असावासा वाटतो' पुसलं आणि डबी काढली. मग लाल डबीवर उतारा म्हणून पावडर काढली. आधी आजार शोधून मग औषध काढणारे आपल्याला माहीत आहेत. या लोकांनी पावडरीचा कारखाना आधी बांधला असणार, अशी माझी पक्की खात्री आहे.

आणि तरीही, सांगायला लाज वाटते, मीही डबीवर विश्वास ठेवला होता. कारण बाळंतपणाला मी माहेरी परतवाड्याला होते, तेव्हा ती रोज हिरवी यायची. आई अभिमानाने शेजारणींना फोन दाखवायची. बारशानंतर सासरी आले आणि पहिल्याच दिवसापासून लाल. तीच मी, तीच छाती, तीच डबी.

"म्हणजे इथंच काहीतरी आहे," हर्षल म्हणाला. माझा नवरा कृषी केंद्रात बसतो आणि खताच्या पोत्यावरचं सगळं खरं मानतो. "तू इथं खूश नसशील."

हे त्याला केतकी मॅडमने शिकवलेलं. केतकी मॅडम म्हणजे कंपनीची पुण्याची सल्लागार. दर आठवड्याला ती फोनच्या पडद्यावर यायची, मागे पांढरी भिंत आणि कुंडीत एक हिरवंगार, बहुधा प्लॅस्टिकचं रोप.

"ऋजुताताई, मनात राग असला ना, की तो दुधात उतरतो बरं का," ती म्हणाली होती. "तुमच्या पट्ट्यात हे प्रमाण फार आहे. जवळजवळ सगळ्याजणी लाल. आम्ही अभ्यास करतोय. आहार, संस्कार, घरातलं वातावरण..."

"घ्या! हेच सांगतो मी हिले," सासूबाई पडद्यात तोंड घालून म्हणाल्या. "लय राग राह्यते हिच्या पोटात. माहेरी बरी होती म्हंते. इथी आली की आटली."

सगळा पट्टा लाल आहे, हे ऐकून शास्त्रज्ञाच्या मनात पहिला प्रश्न जमिनीबद्दल, पाण्याबद्दल यावा. पुण्यातल्या पांढऱ्या भिंतीसमोर आला तो आमच्या संस्कारांबद्दल.

पावडर सुरू झाली. बाटली सासूबाई भरायच्या, सासूबाईच पाजायच्या. रेवा तोंड फिरवायची, मग रडून दमली की प्यायची. मी कापसाच्या खोलीत जाऊन बसायची. तिथे मागच्या हंगामाचा थोडा कापूस अजून पडून होता. दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की रेवाला उचलून मी तिथे न्यायची आणि दार लोटून घ्यायची. ती आपली कोवळी मूठ माझ्या छातीवर ठेवून घटाघटा प्यायची, मधेच थांबून माझ्याकडे बघायची, हसायची, दुधाचा ओघळ हनुवटीवरून गळ्याच्या घडीत जायचा. तिच्या केसांना कापसाचे पुंजके चिकटायचे, ते मी बाहेर येण्याआधी एकेक वेचून काढायची. स्वतःच्या लेकीला चोरून पाजणाऱ्या बाईला कुठल्या भाषेत काय म्हणतात, मला माहीत नाही. रेवाच्या भाषेत 'अंगू' म्हणतात.

पण दूध हे चोरीवर टिकत नाही. बाळ जितकं ओढेल तितकं ते येतं. दिवसातून एकदाच पाजल्यावर माझंही उतरू लागलं. रेवा ओढायची, सोडायची, चिडून पाय झाडायची.

शेजारची पल्लवी वानखडे माझ्या आधी महिनाभर बाळंत झालेली. तिचा दक्ष रेवापेक्षा दीडपट. तिचीही डबी लाल. ती पोळ्याच्या बैलासारखी सजून अंगणवाडीत गेली आणि केतकी मॅडमने पाठवलेली गोळी घेऊन आली. दूध आटवायची गोळी. कंपनीचं नवं संशोधन असं, की लाल दूध थोडंही पोटात गेलं तर पावडरीचा गुण येत नाही. तेव्हा ते बंदच केलेलं बरं.

"मी तं घेतली बाप्पा," पल्लवी कुंपणावरून म्हणाली. "दोन दिवस दगडावानी छाती झाली, रडलो मी लय. मंग गेलं. आता काही कटकट नाई."

"वाईट नाही वाटत?"

"वाईट वाटून काय करतं वं? लेकराले खराब दूध पाजू काय?"

माझ्यासाठी पुढच्या शुक्रवारी गोळी ठरली होती. त्या दिवशी केतकी मॅडम स्वतः गावात येणार होती, अंगणवाडीत मेळावा होता. हर्षल म्हणाला, "एकदाचं होऊन जाऊ दे. तूही सुटशील." जणू मीच कुठे अडकले होते.

त्या आधीच्या सोमवारी बोअरची मोटर जळली.

आमच्याकडे पाणी दोन प्रकारचं. गोडं आणि खारं. गोडं जारमधून येतं, ते प्यायला, चहाला, वरणाला. खारं बोअरचं, ते भांड्यांना, कपड्यांना, अंघोळीला. खाऱ्याने धुतलेला पेला वाळला की तळाशी पांढरं कडं उमटतं. साबणाचा फेस होत नाही. ज्या बाईला सवय नाही तिचे केस महिन्याभरात झाडू होतात. हे सगळं इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

मोटर जळली म्हणून सासूबाईंनी त्या दिवशी डबीचं काम जाराच्या पाण्यावर केलं. मी वाटीत दूध काढून दिलं. त्यांनी ते कपात ओतलं, मग वाटीत दोन चमचे पाणी घालून ती हलवून विसळली, आणि ते धुवण कपात घातलं.

"जाराचं पाणी भांड्याले लावा लागू राह्यलं, काय दिवस आले माय," त्या पुटपुटल्या.

डबी हिरवी झाली.

घरात दिवाळी. हर्षलने कृषी केंद्रातून फोन केला. सासूबाईंनी श्रेय त्यांच्या बहिणीने पाठवलेल्या डिंकाच्या लाडवांना दिलं. दुसऱ्या दिवशी मोटर दुरुस्त होऊन आली, डबी लाल झाली.

"लाडू सरले वाटते," सासूबाई निराश होऊन म्हणाल्या.

मी मात्र त्यांच्या हाताकडे बघत राहिले. तो हात वाटी विसळत होता.

ही गोष्ट मला इतके दिवस दिसली कशी नाही? कारण ती मी जन्मापासून पाहत आले आहे. दुधाचं भांडं रिकामं झालं की त्यात घोटभर पाणी घालायचं, हलवायचं आणि ते दुधातच ओतायचं. थेंब वाया घालवायचा नाही. दूधवाला असंच करतो, माझी आई असंच करते, मी असंच करते. परतवाड्याला आईनेही प्रत्येक वेळी वाटी विसळून कपात ओतली होती. फक्त तिथलं पाणी सातपुड्यातून येतं. गोडं.

दुपारी कापसाच्या खोलीत मी डबी नेली. तीन नवे कप होते. एकात नुसतं दूध घालून, डबीचा आवाज आणि नेट बंद करून, तिला विचारलं: हिरवी. दुसऱ्यात दूध आणि जाराचं पाणी: हिरवी. तिसऱ्यात दूध आणि चमचाभर खारं: लाल. एवढी गडद लाल की रेवाच्या गालावर उजेड पडला. तिने तो पकडायला हात पुढे केला.

मला आधी हसू आलं, मग जे आलं ते हसू नव्हतं.

त्यामागचं शास्त्र मी पोरांना दर वर्षी शिकवत असे, आणि ते समजायला मी जावांचं उदाहरण द्यायची. दोन भांडलेल्या जावा रिकाम्या घरात असल्या, की एकीच्या रागाची झळ दुसरीला ओसरीवरून लागते. त्या एकमेकींच्या वाऱ्याला उभ्या राहत नाहीत. तेच घर लग्नघर झालं, पाहुण्यांनी भरलं, की त्या रागाची धग दोन माणसांपलीकडे पोचत नाही. मग त्याच जावा एकमेकींना खेटून पुऱ्या लाटतात. जावा म्हणजे दुधातल्या गोळ्या, आणि पाहुणे म्हणजे पाण्यातल्या क्षारांचे आयन. पाण्यात क्षार वाढले की गोळीभोवतीचं रुंद धुकं आवळून अंगाशी येतं, तिचा जोर बाहेर जाणवत नाही. त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियमसारखे दुहेरी प्रभाराचे पाहुणे म्हणजे तर अंगाने थोराड, एकेकजण भिंतीसारखा. आमच्या खाऱ्या पाण्यात दोन्ही भरपूर. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ गोळा होऊन खाली बसतो, तेही याच कुळातलं.

दूध जसं होतं तसंच होतं. बदललं होतं ते कपातलं पाणी. आणि ज्यांनी हे यंत्र बनवलं त्यांनी पाणी घालून तपासलंही असेल, नाही असं नाही. फक्त त्यांच्या लेखी पाणी म्हणजे बाटलीतलं. पूर्णाकाठच्या बोअरचं पाणी त्यांना पाणी वाटलं नसेल. बायका तर त्यांना कधीच दिसल्या नव्हत्या, दिसल्या त्या नुसत्या लाल ठिपक्यांसारख्या, नकाशावर.

संध्याकाळी मी घरात सांगितलं. समोर करून दाखवलं. वाटीचं धुवण न घालता, कपही न विसळता, हिरवी.

हर्षल दिव्याकडे बघत राहिला. "एकदा हिरवी आली म्हणून काय? इतक्या वेळा लाल आली ती? सरासरी काढावी लागते ना."

"चुकीच्या मापांची सरासरी काढली तर चूकच येते, हर्षल."

"कंपनीचे इंजिनिअर येडे आहेत काय?"

"येडे नाहीत. त्यांनी कधी भांडी विसळली नाहीत."

सासूबाईंना वेगळाच घोर. "न विसळता?" त्या म्हणाल्या. "अशा उष्ट्या-पाष्ट्या कपात हिरवी आली तं ते हिरवं काय कामाचं? स्वच्छ भांड्यात हिरवी आणून दाखव, मंग मी मानतो."

मी रेवाला घेतलं आणि त्यांच्यासमोर, उजेडात, भिंतीला टेकून पाजायला बसले. सासरे उठून ओसरीवर गेले. कुणी मला अडवलं नाही, पण कुणी म्हणालंही नाही की बरं केलंस. शुक्रवार जिथल्या तिथे राहिला.

मेळाव्याला अंगणवाडी भरली होती. पस्तीसेक बायका, तेवढीच पोरं, पावडरीचा गोडसर वास. केतकी मॅडम पडद्यापेक्षा लहान आणि थकलेली दिसत होती. कॉटनची कडक साडी, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. मी पुढे जाऊन तिला एका दमात सगळं सांगितलं. पाणी, क्षार, विसळणं.

तिने पूर्ण ऐकलं. ऐकताना मान हलवली. केतकी मॅडमसारखी माणसं मान फार छान हलवतात.

"ताई, तुमची तळमळ समजते मला," ती म्हणाली. "पण आमच्या डिव्हाइसला पाण्याने फरक पडत नाही, ते तपासलेलं आहे. लाखो मातांचा डेटा आहे. आणि मी स्वतः आई आहे हो. माझी स्वतःची डबी लाल यायची. मीसुद्धा माझ्या अर्णवला स्तन्यपूर्णवरच वाढवलं. काही कमी पडलं नाही त्याला." तिने पर्समधून गोळ्यांची पट्टी काढून माझ्या हातात दिली. वर माझा हात थोपटला.

ती पट्टी मी धरून होते, मुठीत. टाकून द्यायला हवी होती, पण समोर दाराशी हर्षल उभा होता, सासूबाई उभ्या होत्या, आणि रेवा माझ्या कडेवर ओळखपत्राची लेस पकडायला धडपडत होती.

"आता गंमत बघा हं," केतकी मॅडम सगळ्यांना उद्देशून म्हणाली. "तुमचं दूध कधी लाल, कधी पिवळं. आपलं स्तन्यपूर्ण मात्र कायम हिरवं. आपण तपासूनच बघू." हा तिचा प्रत्येक गावातला खेळ असावा. तिने जाराच्या पाण्यात पावडर ढवळली आणि अंगणवाडीची डबी उघडली. "कप द्या बरं."

अंगणवाडीच्या मदतनीस सुमनकाकूंनी कप उचलला, आणि पाहुणीच्या हातात देण्याआधी थबकल्या.

"थांबा मॅडम, विसळून देतो. कोरडं भांडं कसं देऊ पाहुण्याले?"

त्या कोपऱ्यातल्या पिंपाकडे गेल्या, कप बुडवला, खळखळ हलवला, उपडा केला, आणि परत आणून दिला. तळाशी थोडंसं पाणी राहिलं होतं, जसं राहतं.

मी तोंड उघडलं आणि मिटलं.

केतकी मॅडमने मोजून थेंब घातले, झाकण लावलं, डबी सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली. डबी लाल झाली.

"आई, खचून जाऊ नका," डबी पावडरीला म्हणाली. "तुमच्या दुधाचा तोल आज कमी आहे. बाळासाठी आजच 'स्तन्यपूर्ण' सुरू करा."

मागून कुणीतरी म्हणालं, "अगं बाई, पावडरीची सासूबी लय कडक हाय वाटते," आणि अंगणवाडी फुटली. बायका पदर तोंडात घालून हसल्या, पोरं दचकून रडली.

"पावडरीच्या पोटात राग असंल मॅडम!" दुसरी म्हणाली.

"माहेरी धाडा तिले, महिनाभर!"

केतकी मॅडम लालबुंद झाली. "कप नीट धुतला नसेल," ती म्हणाली.

"असं कसं?" सुमनकाकूंना राग आला. त्यांनी कप घेतला, पिंपात दोनदा बुडवला, आणखी निगुतीने विसळला. पुन्हा लाल. पुन्हा खचून जाऊ नका.

मी माझ्या पिशवीतून बंद पाकिटातला कोरा कप काढून टेबलावर ठेवला. "यात घाला. कुणी हात लावू नका."

तिने घातलं. हिरवी.

हसणं थांबलं. खाऱ्या पाण्याच्या बायकांना खाऱ्या पाण्याबद्दल कितीसं समजावून सांगायचं? पिंप कोपऱ्यातच होतं, त्याच्या काठावर बोटभर जाड पांढरा थर होता. एकेक नजर पिंपाकडे गेली आणि परत आली. सासूबाई सगळ्यात उशिरा वळल्या. आपल्या उजव्या हाताकडे बघत होत्या.

"मी हे वर कळवते," केतकी मॅडम म्हणाली आणि डब्या पिशवीत भरू लागली. "तांत्रिक गोष्ट आहे. पुढच्या अपडेटमध्ये तुमच्या भागासाठी सूचना येईल."

"मॅडम," पल्लवी पुढे आली. दक्ष तिच्या कमरेवर होता, तोंडात बाटली. तिचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. "मंग माहं बी चांगलंच होतं काय?"

"ते... तुमची केस वेगळी असू शकते. डेटा बघावा लागेल."

"आता कुठून पाहान? सरलं नं ते."

दक्षने बाटली टाकली. पल्लवीने ती उचलली नाही. ती तिथेच, पुण्याच्या पाहुणीसमोर, खाली बसली, आणि तिने त्याला पदराखाली घेतलं. आम्ही बाजूला कडं करून उभ्या राहिलो. त्याने ओढलं, सोडलं, पुन्हा ओढलं. मग चिडून ओरडला. पल्लवीने त्याला बाहेर काढलं, तिच्या डोळ्यांत पाणीसुद्धा नव्हतं.

"नाई येत," ती म्हणाली.

"येतं कधी कधी परत," मी म्हटलं. "रोज लावायचं, सोडायचं नाही. तोवर आण इकडे."

मी हर्षलच्या हातात रेवाला दिलं. तिच्यासोबत ती गोळ्यांची पट्टीही दिली. त्याने दोन्ही घेतलं, रेवाला छातीशी धरलं, आणि बऱ्याच दिवसांनी माझ्याकडे मोबाइलच्या आडून न बघता बघितलं. दक्ष अंगाने भलता जड होता. त्याने आधी संशयाने माझ्याकडे बघितलं, मग भुकेपुढे संशय टाकून दिला.

सासूबाई कुठे गेल्या ते मला कळलं नव्हतं. त्या चहा घेऊन आल्या. अंगणवाडीच्या स्टोव्हवरचा, आल्याचा. केतकी मॅडमसमोर त्यांनी कप ठेवला.

"घ्या मॅडम," त्या म्हणाल्या. "कप चांगला विसळून देला बरं."

आता कुणी हसलं नाही. केतकी मॅडम कपाला हात न लावता बसून राहिली. शेजारी एक रिकामा कप वाळत उपडा ठेवला होता. तो तिने उचलला, आत बघितलं, तळाचं पांढरं कडं नखाने खरवडलं.

ती माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "आमच्या सोसायटीत टँकर येतो. नळाला पाणी कधी नसतंच."

"कुठला टँकर?"

"बोअरचा. त्याचंही असंच... भांड्यांना असंच पांढरं..." ती थांबली. "माझ्या बाळंतपणाला आई आली होती. तीच सगळं करायची. ती तर थेंबही वाया घालवत नाही."

इतके महिने मी या बाईला काय काय म्हणायचं ते मनात घोटून ठेवलं होतं. एकेक वाक्य धार लावून. त्यातलं एकही मला तेव्हा सापडलं नाही, आणि तिची कीवही आली नाही. तिने पल्लवीला दिलेली गोळी आठवत होती.

"तुमचा अर्णव केवढा आहे आता?" मी विचारलं.

"चार वर्षांचा."

मी मान हलवली. तिच्यासारखीच, छान. माझ्या मांडीवर दक्षने दूध ओढता ओढता मूठ उघडली आणि माझं बोट धरलं. दाराशी हर्षलच्या खांद्यावरून रेवा हे सगळं पाहत होती, आणि आपला हक्क आपल्याला कळतो, अशा आवाजात ती रडायला लागली.

"थांब गं माझे माय," सासूबाई तिच्याकडे वळत म्हणाल्या. "तुह्यासाठी बी आहे."